गृहपाठाचे मुखत्यार

मुलांच्या पाठीवरील दफ्तराचे वजन किती असावे आणि त्यांना गृहपाठ किती द्यावा, याचा साधकबाधक विचार करून केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२० साली एक धोरण प्रसिद्ध केले. दुसरीपर्यंतच्या बालकांना गृहपाठ मुळीच देऊ नये, तिसरी ते पाचवीच्या मुलांना आठवड्यातून फार तर दोन तासांचा द्यावा, सहावी ते आठवीच्या मुलांना रोज एक तासाचा आणि त्यापुढील विद्यार्थ्यांना रोज दोन तासांचा, अशी त्यात तपशीलवार प्रतवारी आहे. परंतु हे सर्व तास विद्यार्थ्याचे आहेत. त्याच गृहपाठाकरिता विद्यार्थ्याच्या मातापित्यांनी किती तास खर्ची घालावेत, त्यांना मधली सुट्टी असावी की नसावी, आणि रविवारी रात्री दहानंतर त्यांच्याकडून काम करून घेणे कायद्यास धरून आहे किंवा कसे, याविषयी धोरणकर्त्यांनी जे मौन पाळले आहे, ते केवळ अनवधानाने पाळले असेल असे मला वाटत नाही. ज्या घरात दुसरीतले मूल आहे त्या घरात गृहपाठ कोण करतो, हे मंत्रालयातील अधिकाऱ्यांना ठाऊक असणारच. त्यांनाही मुले आहेत.

पूर्वीची व्यवस्था याहून पुष्कळच सुटसुटीत होती. दिवेलागणीच्या वेळी हातपाय धुऊन मुलांनी रांगेत बसावे आणि श्लोक, तिथी, नक्षत्रे, संवत्सरांची नावे व पाढे खड्या आवाजात म्हणावेत, यास परवचा म्हणत. आणि वही, पेन्सिल, खोडरबर यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवणारा हा आपल्याकडील गृहपाठाचा आद्य प्रकार होय. त्यात वडीलधाऱ्या माणसाकडे सोपवलेली कामगिरी इतकीच, की ओसरीवर सुपारी कातरीत बसून राहावे आणि पाढ्यात खोट आली की अडकित्ता थांबवून ‘हं’ म्हणावे. बे एके बेपासून तिसापर्यंतची मजल मारून झाल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी अपूर्णांकांची पलटण येई, आणि तिच्या शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, उभी असे. ही औटकी आजोबांना स्वतःला येत होती किंवा नाही, याचा छडा कोणत्याही नातवाला लागल्याचे ऐकिवात नाही. कारण त्यांनी ती म्हणून दाखवावी असा प्रसंगच परवच्याच्या रचनेत कोठे नव्हता. अडकित्ता मात्र बरोबर जागी थांबत असे.

हे पाढे शोभेचे नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, म्हणजे एका रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै, अशा हिशेबाच्या मुलखात ज्याला पाऊणकी येत नाही त्याला वाण्याने सकाळी फसवावे आणि संध्याकाळी पुन्हा फसवावे, अशी परिस्थिती होती. आणि म्हणून बापाने मुलाच्या पाटीत डोकावणे हा अधिकाराचा नव्हे, तर संसाराच्या सुरक्षिततेचा भाग होता. हा वंशपरंपरागत हक्क १ एप्रिल १९५७ रोजी सरकारजमा झाला. त्या दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ मण, शेर आणि छटाक जाऊन किलो आणि ग्रॅम आले, आणि मराठी मुलखातील यच्चयावत बापांचे अंकगणित एका हुकुमासरशी चलनातून बाद झाले.

तेव्हापासून सरकारने एक दंडक पाळलेला दिसतो: एक पिढी शाळेतून बाहेर पडली आणि आपल्याला थोडेफार येते असे तिला वाटू लागले, की तिच्या मुलांचा अभ्यासक्रम बदलावयाचा. दशमान पद्धतीवर पोसलेल्या बापाने वही हाती घेतली, तो तिच्यात संच निघाले. आणि ज्यात काहीही नाही असा रिक्त संच हाही संचच असतो, हे ऐकून ज्यांचा आयुष्यभर धान्याच्या पोत्यांशी संबंध आला होता त्या गृहस्थांनी वही मुकाट्याने परत केली. संच पचवलेली पिढी बाप झाली, तो २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले आणि ज्यांनी पाचवीत एबीसीडी पाहिली होती त्यांना सहा वर्षांच्या मुलीकडून उच्चार दुरुस्त करून घेण्याची पाळी आली. अलीकडे २०२३ साली वह्यांचे ओझे कमी व्हावे म्हणून पुस्तकांतच कोरी पाने घातली गेली आणि दोन वर्षांच्या आत ती काढलीही गेली. परंतु कोऱ्या पानांपुरती तरी आईबापांची विद्या कालबाह्य झाली नाही, एवढे समाधान त्यात होते.

या मालिकेतील सर्वांत गाजलेला फेरफार २०१९ सालचा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला ‘साठ तीन’ आणि एकवीसला ‘वीस एक’ असेही म्हणण्याची सोय करण्यात आली, आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर महाराष्ट्रात विनोदाचा महापूर लोटला. विधानसभेत लोकांच्या आडनावांवर कोट्या झाल्या, पारावर झाल्या, लोकलच्या डब्यात झाल्या. गणित विषयाच्या समितीचे काम पाहणाऱ्या मंगला नारळीकर यांनी कारण शांतपणे समजावून सांगितले होते, की आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना मात्र सहा आधी लिहितो, त्यामुळे ऐकून लिहिणारे लहान मूल छत्तीस लिहून मोकळे होते. शिवाय त्या शब्दांतील जोडाक्षरांची बोळवण करता करता बालकाची जीभ थकते, ते वेगळेच. माझ्या मते हे कारण बिनतोड होते. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांच्यामध्ये क्षणभरही न अडखळणारा मराठी पदवीधर कोणी मला आणून दाखवावा. पण खरे दुःख आकड्यांचे नव्हतेच. ज्या एका विषयात, म्हणजे शंभरपर्यंत मोजण्यात, बापाची सत्ता अद्याप अबाधित होती, तोही प्रांत हातचा जातो की काय, या धास्तीने तो हास्यकल्लोळ उठला होता.

गणितातून हद्दपार झालेला पिता मराठीकडे वळतो, कारण मातृभाषा ही तरी आपली आहे असा त्याचा समज असतो. हा समज कितपत टिकतो याचे प्रत्यंतर आमच्या शेजारच्या घरातून मला भिंतीपलीकडून नित्य मिळते. तेथील गृहस्थ तहसील कचेरीत अव्वल कारकून असून त्यांच्या हाताखालून आजवर असंख्य दस्तऐवज, कैफियती आणि पंचनामे गेले आहेत. सबब मराठी वाक्य आपल्यापुढे मान वर करणार नाही अशी त्यांची खात्री आहे. एके संध्याकाळी कन्येला ‘शिपायाने चोरास पकडले’ या वाक्याचा प्रयोग ओळखावयाचा होता.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “पकडलं कुणी? शिपायानं. मग कर्ता शिपाई. कर्तरी प्रयोग, लिही.”

“पण बाबा, कर्तरीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. इथे दहा शिपायांनी पकडलं तरी ‘पकडले’च राहतं.”

“मग कर्माप्रमाणे बदलत असेल. कर्मणी लिही.”

“चोराच्या जागी चोरटीला पकडलं, तरी ‘पकडले’च राहतं, बाबा.”

येथे बराच वेळ शांतता पसरली. नंतर, सरकारी कामातील दीर्घ अनुभवास अनुसरून, “प्रकरण चौकशीवर आहे असा शेरा मार आणि पुढचं वाक्य घे,” असा निर्णय देण्यात आला. इतक्यात स्वयंपाकघरातून फोडणीच्या आवाजावर मात करीत वहिनींचा आवाज आला, “भावे गं, भावे! कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही ऐकत नाही, ते क्रियापद भावे प्रयोगातलं.”

“तुला कसं गं लक्षात राहिलं?” असे गृहस्थांनी विचारल्याचे ऐकू आले, उत्तर मात्र कुकरच्या शिट्टीत बुडाले. मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ नावाचा जाडजूड ग्रंथ सिद्ध करून प्रयोगांचा खल केला आहे, परंतु भावे प्रयोगाची इतकी आटोपशीर व्याख्या माझ्या तरी कानी पूर्वी पडली नव्हती.

व्याकरणात निदान उत्तर एकच असते. निबंधात बापाच्या प्रतिभेला कोणताच लगाम राहत नाही. मुलाने ‘मी अनुभवलेला पाऊस’ या विषयावर दहा ओळी लिहावयाच्या असतात आणि त्याला खरोखर एवढेच सांगावयाचे असते, की पाऊस आला, आम्ही भिजलो, आई रागावली, मग भजी केली. हे चारही प्रसंग सत्य असून त्यांचा क्रमही निर्दोष आहे. पण पित्याला त्यात भाषेचे वैभव दिसत नाही. तो मजकूर हाती घेतो आणि आपल्या पेशाप्रमाणे त्याचा मसुदा तयार करतो. आमच्या अव्वल कारकुनांनी कन्येच्या धाकट्या भावास जो निबंध घालून दिला, त्याची सुरुवात मी प्रत्यक्ष वाचली आहे: ‘दिनांक १२ जून रोजी सायंकाळी पाचचे सुमारास मौजे मजकूर येथे अवेळी ढग जमा झाले. सदर ढगांमुळे अंधार पडला. सुमारे अर्धा तास समाधानकारक पर्जन्यवृष्टी झाली. सुदैवाने जीवितहानी नाही.’ बाईंनी त्याखाली तांबड्या शाईने ‘निबंध छान. वडिलांना नमस्कार’ असे लिहून दहापैकी सात गुण दिले. ते तीन गुण कशाचे कापले, याचा खुलासा मागण्याकरिता शाळेत जाण्याचा बेत पुढे दोन दिवस घाटत होता.

आता निबंधाबरोबर ‘स्वमत’ नावाचा एक प्रश्न येतो. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, पाठांतराला रजा मिळाली, आणि मुलाने स्वतःचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडावा असे ठरले. हेतू उत्तम, यात वाद नाही. फक्त रात्री साडेआठ वाजता पाचवीतला मुलगा वही घेऊन येतो आणि “आई, माझं स्वमत काय आहे?” असे विचारतो, तेव्हा त्या माउलीने काय करावे, याचे मार्गदर्शन परिपत्रकात नाही. ती बिचारी त्याचे स्वमत सांगते. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्याकरिता बाजारात मार्गदर्शिका मिळतात आणि त्यांत प्रत्येक पाठाखाली स्वमत तयार छापलेले असते. एका वर्गातील चाळीस मुलांचे एकमत होण्याचे इतके स्वस्त साधन लोकशाहीला अन्यत्र उपलब्ध नसावे.

परंतु पालकांच्या मुखत्यारीचा खरा कळस पाहावयाचा असेल, तर रात्री नऊनंतर कोणत्याही तालुक्याच्या गावी शाळेसमोरील स्टेशनरीच्या दुकानात जाऊन उभे राहावे. दुकानाचे शटर अर्धे खाली आलेले असते, आत दुकानदार गल्ल्यातील चिल्लर मोजीत असतो, आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून कचेरीच्या कपड्यांतले प्रौढ, प्रतिष्ठित, प्रसंगी रक्तदाबाचे रुग्ण असलेले गृहस्थ एकामागून एक प्रवेश करतात. त्यांच्या मुद्रेवर अपराध आणि घाई यांचे मिश्रण असते, कारण ‘उद्या प्रकल्प द्यायचा आहे’ ही वार्ता, जी वर्गात तीन आठवड्यांपूर्वी जाहीर झाली होती, ती त्यांच्या चिरंजीवांनी जेवणाच्या पानावर, दुसरा भात वाढून घेताना, सहज म्हणून सांगितलेली असते. दुकानदार मान वर न करता विचारतो, “कितवी?” सहावी असे उत्तर मिळताच तो पुन्हा विचारतो, “सूर्यमाला का ज्वालामुखी?” या मनुष्याला शिक्षण खात्यात घ्यावे असे मला पुष्कळदा वाटले आहे, कारण गावातील कोणत्या शाळेत कोणता धडा कोठवर आला आहे याची इत्थंभूत माहिती फक्त त्याच्यापाशी असते. ज्वालामुखी म्हटले तर तो खाण्याच्या सोड्याकरिता शेजारच्या किराणा दुकानाकडे बोट दाखवतो. सूर्यमाला म्हटली तर थर्माकोलच्या गोळ्यांची पिशवी काढतो.

“नऊ ग्रह द्या,” गृहस्थ म्हणतात.

“आठच घ्या साहेब. प्लूटो काढलाय.”

गृहस्थांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव उमटतो, तो पाहून हसू येत नाही. त्यांनी शाळेत नऊ ग्रह ओळीने पाठ केले होते आणि नववा सांगितला म्हणून शाबासकीही घेतली होती. तो ग्रह २००६ साली प्राग येथे भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेने बटुग्रहांच्या यादीत टाकला, हे त्यांना गल्ल्यामागील माणसाकडून, रात्री साडेनऊला, शटर खाली येत असताना कळावे, हा प्रसंग कोणाही शिकल्यासवरल्या माणसाला जड जाणाराच. तरी ते नववा गोळा घेतात. असू द्यावा म्हणतात, एखादा फुटला तर.

पुढे घरी काय होते ते सर्वांस विदित आहे. चिरंजीव साडेदहाला झोपतात. माता शनीचे कडे पुठ्ठ्यातून कापते, पिता गुरूवर तांबडा ठिपका रंगवतो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास फेविकॉल वाळण्याची वाट पाहत बसलेली ही दोन माणसे एकमेकांशी जितक्या सलोख्याने बोलतात, तितक्या सलोख्याने वर्षातील अन्य कोणत्याही रात्री बोलत नसावीत. तेव्हा प्रकल्पाचा अगदीच कोणाला उपयोग होत नाही असे म्हणता येणार नाही. सकाळी ही विश्वरचना रिक्षातून शाळेत रवाना होते. प्रदर्शनाच्या दिवशी अभियंता पित्याचे स्वयंचलित धरण, वास्तुविशारद मातेचा पर्यावरणपूरक वाडा आणि बँकेतल्या काकांनी केलेली एटीएमची प्रतिकृती टेबलांवर मांडली जाते, प्रमुख पाहुणे एका मुलाला “बाळ, हे चालतं कसं?” असे विचारतात, आणि बाळ गर्दीत उभ्या असलेल्या बापाकडे पाहते. त्याच हॉलच्या कोपऱ्यात, पंख्याच्या वाऱ्याने मधूनच फिरणारी एक वाकडी पवनचक्की असते. तिचे एक पाते दुसऱ्याहून लांब असते आणि डिंकाचे डाग लपवलेले नसतात. तिच्या मालकाला मात्र ती का अडखळते हे नेमके सांगता येते, आणि पाहुणे पुढे निघून गेले तरी तो सांगतच राहतो. त्याला उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळत नाही.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी विस्ताराने लिहिण्यास लागणारी मनःशांती माझ्यापाशी नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा अपरिहार्य म्हणून जन्मास आलेली ही संस्था शाळा उघडल्यावर बरखास्त व्हावयास हवी होती. ती झाली नाही. ‘आज काय दिलंय?’ हा प्रश्न पूर्वी मूल शेजारच्या मुलाला विचारीत असे आणि न विचारल्यास दुसऱ्या दिवशी बाकावर उभे राहत असे. आता तो प्रश्न आई विचारते, उत्तर दुसरी आई देते, आणि मुलाला स्वतःचा गृहपाठ काय आहे हे सर्वांत शेवटी समजते.

या एवढ्या उद्योगाचे फलित काय, हेही शास्त्रज्ञांनी पाहून ठेवले आहे. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी पहिली-दुसरीतील मुलांची वर्षभर पाहणी करून २०१५ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की ज्या मातापित्यांना गणिताची स्वतःलाच धास्ती वाटते, त्यांनी मुलांना गणिताच्या गृहपाठात वारंवार मदत केल्यास ती मुले गणित कमी शिकतात आणि वर्षअखेर त्यांनाही ती धास्ती जडते. तेच मातापिता क्वचितच मदत करीत असतील, तर असे काही घडत नाही. म्हणजे बापाला गणित येत नाही यात मुलाचे यत्किंचितही नुकसान नाही. ते न येता तो जवळ सरकून बसतो, यात आहे.

याउलट आमच्या मंडईत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांचा मुलगा शाळेतून परस्पर मंडईत येतो आणि पालथ्या घातलेल्या क्रेटवर वही ठेवून गृहपाठ करतो. मावशी एका हाताने जुड्यांवर पाणी शिंपडतात, दुसऱ्या हाताने सुटे पैसे देतात आणि त्याला मोठ्याने वाचावयास लावतात. एकदा त्याने मधला परिच्छेद गाळून शेवट गाठला, तर मावशी पाणी शिंपडता शिंपडता म्हणाल्या, “आरं, म्हातारी आत्ता तर घरात हुती. नदीवर कवा गेली? मधलं वाच.” गणिताच्या वेळी त्या फक्त “म्हंजी काय? मला समजाव की,” असे म्हणतात. मुलगा समजावू लागतो आणि तिसऱ्या पायरीवर स्वतःच थबकतो, जीभ चावतो, खोडरबर काढतो. तेवढ्यात एखादे गिऱ्हाईक वाटाण्याचा भाव विचारते. पाव किलो पंधरा, तर सव्वा किलोचे किती, हे गिऱ्हाइकाने खिशातून फोन काढण्यापूर्वी मावशींनी सांगून टाकलेले असते, पंच्याहत्तर. पावकी-सवायकी ही नावे त्यांच्या कानावरून कधी गेली असतील असे वाटत नाही. पण त्या पोराच्या वहीत मी डोकावून पाहिले आहे. अक्षर त्याचे आहे, चुका त्याच्या आहेत, आणि चुकांखालची दुरुस्तीही त्याचीच आहे.

ज्या वाचकांना एवढ्यावरून आपले मुखत्यारपत्र रद्द करण्याची इच्छा झाली असेल, त्यांनी ते आज रात्रीच करावे. निबंध, स्वमत, प्रयोग आणि ग्रहमाला ही सर्व खाती मूळ मालकाच्या ताब्यात द्यावीत आणि त्याच खोलीत आपले वर्तमानपत्र किंवा निवडायची पालेभाजी घेऊन बसावे. कार्डशीट आणावयास मात्र जावे लागेलच, त्यातून सुटका नाही. स्टेशनरीची दुकाने साडेनऊला बंद होतात, तेव्हा ‘उद्या काय द्यायचंय?’ हा प्रश्न जेवायला बसण्यापूर्वी विचारीत जावा.